रेकॉर्डचं कव्हर : पुढची बाजू आणि मागची बाजू

अल्बमच्या कव्हरची कला उतरणीला लागली, ही तक्रार आजची नाही. सीडी बाजारात आली तेव्हा ती पहिल्यांदा मोठ्याने ऐकू आली. गाणी संगणकावर आणि मग फोनवर गेली तेव्हा तिला धार चढली. आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेतलेल्या चित्रांमुळे ती पुन्हा नव्याने मांडली जाते आहे. तक्रार करणाऱ्यांत जुन्या तबकड्या जपणारे संग्राहक आहेत, तसे हातात काम नसलेले तरुण चित्रकारही आहेत. उलट बाजूचे लोक म्हणतात, कला कुठेही गेलेली नाही, तुम्ही तिला जुन्या पत्त्यावर शोधताय. या वादात अनेक प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत: कव्हरचा आकार, त्यावर होणारा खर्च, ते पाहण्यात जाणारा वेळ, चित्राचा दर्जा आणि कव्हरवर छापलेला मजकूर. ते सुटे करून पाहिले तर वाद बराच स्वच्छ होतो. शेवटच्या प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष गेलं आहे, आणि आपल्या संगीताच्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा आहे, असं मला वाटतं.

कव्हर आलं कुठून

लाखेच्या ७८ आरपीएम तबकड्यांना कव्हर असं नव्हतंच. जाड कागदाची पिशवी, तिच्या मधोमध गोल भोक, त्यातून तबकडीचं लेबल दिसायचं. पिशवीच्या मोकळ्या जागेत कंपनीची किंवा दुकानदाराची जाहिरात असे. सिंफनीसारखी लांब रचना चार-पाच तबकड्यांवर पसरायची, तेव्हा त्या एकत्र बांधून पुस्तकासारखा पुठ्ठा घालत. त्या पुठ्ठ्यावर नावापलीकडे फारसं काही नसे.

हे बदलण्याचं श्रेय ॲलेक्स स्टाइनवाइस याला दिलं जातं. १९३९ मध्ये कोलंबिया रेकॉर्ड्सने त्याला नेमलं तेव्हा तो बावीस-तेवीस वर्षांचा होता. १९४० मध्ये रॉजर्स आणि हार्ट यांच्या गाण्यांच्या संचासाठी त्याने न्यूयॉर्कच्या इंपीरियल थिएटरच्या दिव्यांच्या पाटीवरची अक्षरं बदलून घेतली, तिथे अल्बमचं नाव लावलं आणि त्याचा फोटो कव्हरवर घेतला. छपाईचा खर्च वाढतो म्हणून कंपनी आधी कां-कू करत होती. पण ब्रूनो वॉल्टरने संचालित केलेल्या बेथोवनच्या 'इरॉइका' सिंफनीला स्टाइनवाइसचं कव्हर घातल्यावर तिची विक्री ८९५ टक्क्यांनी वाढली, असं 'न्यूजवीक'ने छापलं. म्हणजे कव्हरकलेचा जन्म विक्रीच्या गरजेतून झाला. आजच्या वादात हे वारंवार विसरलं जातं, म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो. १९४८ मध्ये कोलंबियाने एलपी आणली आणि तिच्यासाठी पुठ्ठ्याचं जॅकेट घडवण्याचं कामही स्टाइनवाइसकडेच आलं. जवळपास ३१ सेंटिमीटरचा तो चौरस पुढची तीन-साडेतीन दशकं चित्रकार आणि छायाचित्रकारांच्या हाती राहिला.

त्या चौरसात काय काय घडलं याची यादी संपणार नाही. दोन टोकं पाहिली तरी पुरे. ब्लू नोट ही न्यूयॉर्कची लहानशी जॅझ कंपनी. तिच्यासाठी पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून १९६७ पर्यंत रीड माइल्सने शेकडो कव्हरं केली. भागीदार फ्रान्सिस वुल्फने ध्वनिमुद्रणाच्या वेळी काढलेले फोटो तो वाटेल तसे कापायचा, उरलेल्या जागेत अक्षरं पसरायचा. पैसे तुटपुंजे असल्याने बरीच कव्हरं एक-दोन रंगांतच छापलेली आहेत. आज जॅझ म्हटलं की डोळ्यांपुढे जे दृश्यरूप येतं, ते या काटकसरीतून आलं. माइल्सला स्वतःला जॅझची फारशी गोडी नव्हती, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दुसरं टोक इंग्लंडमधलं. १९६७ मध्ये बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'साठी पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी माणसाएवढ्या कटआउटची गर्दी उभी केली. खर्च तीन हजार पौंडांच्या आसपास गेला, एरवीच्या कव्हरला लागायचा त्याच्या कित्येक पट. त्या गर्दीत परमहंस योगानंद, लाहिरी महाशय अशी मंडळी आहेत. गांधीजींचं कटआउटही तयार होतं, पण भारतात लोक दुखावतील या भीतीने ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या प्रमुखांनी ते काढायला लावलं. पुढच्याच वर्षी स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्री पॉवेल यांनी हिप्नोसिस हा स्टुडिओ काढला. पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'चा लोलक (१९७३) आणि 'विश यू वेअर हिअर'वरचा पेटलेला माणूस (१९७५) ही त्यांची कामं जगभर पोचली. तो पेटलेला माणूस खरा होता, अंगाला खरी आग लावून घेतलेला स्टंटमन.

थॉर्गरसनच्या हट्टाचा कळस १९८७ चा. 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन'साठी त्याने डेव्हनच्या समुद्रकिनाऱ्यावर सुमारे सातशे लोखंडी खाटा ओळीने मांडल्या, गाद्या-चादरींसकट. पाऊस आला. सगळ्या खाटा उचलून परत न्याव्या लागल्या. काही दिवसांनी त्या पुन्हा आणून, पुन्हा मांडून फोटो घेतला. तोवर सीडी बाजारात स्थिरावली होती आणि बऱ्याच घरांत हा फोटो तळहाताएवढ्या चौकोनात पाहिला गेला.

आपल्याकडे

भारतात दीर्घ काळ ध्वनिमुद्रणाचा धंदा म्हणजे एचएमव्ही, आणि एचएमव्हीचा कारखाना कलकत्त्याजवळ डमडमला. एलपी आल्यावर चित्रपटांच्या कव्हरवर बहुधा पोस्टरचंच चित्र बसवलं जाई. शास्त्रीय संगीताच्या कव्हरवर गाणाऱ्याचा किंवा वाद्यासह वादकाचा फोटो, नाहीतर एखादं लघुचित्र किंवा मंदिरातलं शिल्प. देखणी कव्हरं नव्हती असं नाही, पण ब्लू नोटला जशी एक नजर होती तशी इथे घडली नाही. शास्त्रीय संगीताच्या बाबतीत तरी कव्हर करणाऱ्याचं नाव आज सहजी सांगता येत नाही.

महाराष्ट्रापुरतं पाहिलं तर हे जरा खटकतं. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांनी दिवाळी अंक आणि पुस्तकं घरोघरी ओळखली जात. वाचणाऱ्या घरांत चित्रकाराची सही पाहिली जायची. त्याच घरांत भावगीतांच्या आणि नाट्यगीतांच्या रेकॉर्डही वाजत. तरी मुखपृष्ठाची ती परंपरा रेकॉर्डच्या कव्हरपर्यंत सरकली नाही. निर्णय घेणारी कंपनी लांब होती हे एक कारण असावं. एलपी महाग असल्याने तिचा खप मर्यादित होता, हे दुसरं. यावर नीट अभ्यास व्हायला हवा.

गंमत म्हणजे आपली कॅलेंडरची चित्रकला परदेशी कव्हरवर दिमाखात जाऊन बसली. जिमी हेंड्रिक्सच्या 'ॲक्सिस : बोल्ड ॲज लव्ह'वर (१९६७) विष्णूच्या विश्वरूपाचं बाजारू चित्र घेऊन त्यात हेंड्रिक्स आणि साथीदारांचे चेहरे बसवले आहेत. हेंड्रिक्सला ते रुचलं नव्हतं, त्याला आपल्या रेड इंडियन वारशाचा संदर्भ हवा होता. पुढे हिंदू भाविकांनीही त्यावर आक्षेप घेतले.

आपल्या एलपीची खरी श्रीमंती मागच्या बाजूला होती. हिंदुस्थानी संगीताची कोणतीही एलपी उलटी करा. रागाचं नाव, ताल, विलंबित कुठे संपतं आणि द्रुत कुठे सुरू होतं, तबल्यावर कोण, सारंगीवर किंवा हार्मोनियमवर कोण, आणि खाली जाणकाराने लिहिलेलं टिपण. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'चं उदाहरण घेऊ. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची ही ध्वनिमुद्रिका, निर्माते एचएमव्हीचे जी. एन. जोशी, म्हणजे भावगीताच्या पहिल्या पिढीतले आपले गायक. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस या रागमालेत गुंफला आहे, हे ऐकणाऱ्याला समजतं ते टिपणातून. तबल्यावर माणिकराव पोपटकर आहेत, हेही.

चौरस आकसत गेला

पुढचा प्रवास भराभर सांगता येईल. भारतात एलपीला मारलं ते कॅसेटने. ऐंशीच्या दशकात टी-सीरीजसारख्या कंपन्यांनी कॅसेट स्वस्त केली आणि संगीत खेडोपाडी नेलं. पीटर मॅन्युएलच्या १९९३ च्या 'कॅसेट कल्चर' या पुस्तकात हा सगळा इतिहास आहे. कॅसेटच्या घडीच्या इनले कार्डावर चित्राला पत्त्याच्या पानाएवढीच जागा. १९८२ मध्ये जपानमध्ये सीडी आली. तिची पुस्तिका १२ सेंटिमीटरची, म्हणजे क्षेत्रफळ एलपीच्या साधारण एक-सप्तमांश. तरी पुस्तिकेला पानं होती, मजकूर मावत होता. २००३ मध्ये आयट्यून्सचं दुकान उघडलं, २००८ मध्ये स्पॉटिफाय सुरू झालं, २०१९ मध्ये ते भारतात आलं. आता कव्हर म्हणजे यादीतल्या नावाशेजारचा बोटाच्या नखाएवढा चौकोन. चित्र पाठवताना मात्र तीन हजार पिक्सेलचं मागतात.

दुकानंही गेली. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. अशा दुकानात माणूस एक कॅसेट किंवा सीडी घ्यायला जायचा आणि दहा हाताळून यायचा. त्या हाताळण्यात कव्हरचं काम होत असे. आज गाणं कोणतं लागणार हे बऱ्याचदा ॲपच ठरवतं. फोन खिशात असतो आणि चौकोन कोणीच पाहत नाही.

ऱ्हास झाला, असं म्हणणारे

या बाजूची मांडणी तीन प्रकारची आहे. पहिली आकारावर बोट ठेवते: नखाएवढ्या जागेत बारकावा टिकत नाही, म्हणून एकच चेहरा, एकच रंग आणि ठळक अक्षरं उरतात. 'सार्जंट पेपर'मधली साठ-सत्तर माणसं फोनवर रंगांचा ठिपका होतात, हे कोणीही पडताळून पाहावं.

दुसरी मांडणी पैशाची. मोठ्या कंपन्यांत कव्हरसाठी स्वतंत्र कलाविभाग होता, कलासंचालक होता, नकार पचवून नवं काहीतरी करून पाहायला वेळ होता. आज बहुतेक संगीतकार एकेक गाणं सुटं प्रसिद्ध करतात. दर गाण्याला चित्र हवं, आणि ते आठवड्याभरात, नगण्य मोबदल्यात. समुद्रकिनाऱ्यावर सातशे खाटा मांडायचा खर्च कोण देणार? या मुद्द्यात तथ्य आहे, पण तो सरसकट लागू होत नाही. ब्लू नोटकडेही पैसे नव्हते. तिथे होती ती एकाच माणसाला वर्षानुवर्षं दिलेली मोकळीक. आज पैशापेक्षा ती सलगता दुर्मिळ झाली आहे.

तिसरी मांडणी ऐकणाऱ्याची आहे आणि मला ती सर्वांत जड वाटते. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटं चालायची. तेवढा वेळ कव्हर मांडीवर असे. गाणं आणि चित्र एकमेकांत मुरायला तो वेळ लागतो. चित्रकार आजही उत्तम काम करत असेल, पण पाहणाऱ्याने ती वीस मिनिटं दिलीच नाहीत तर ते काम पोचतच नाही. थॉर्गरसनचा लोलक तसा साधा आहे. तो लोकांच्या मनात घर करून बसला तो इतक्या जणांनी इतका वेळ पाहिल्यामुळे.

बदल झाला, असं म्हणणारे

समोरच्या बाजूचा पहिला आक्षेप पद्धतीवर आहे. जुन्या काळातली आपल्याला आठवतात ती निवडक शंभर-दोनशे कव्हरं. त्याच वर्षांत हसरा गायक आणि मागे पडदा अशी हजारो कव्हरं निघाली, ती रद्दीत गेली. तेव्हाचं उत्तम आणि आजचं सरासरी यांची तुलना केली तर निकाल आधीच ठरलेला असतो. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि तक्रार करणाऱ्यांकडून त्याला समाधानकारक उत्तर आलेलं नाही.

दुसरं म्हणणं असं की साधेपणा ही आजची लाचारी नाही. १९६८ मध्ये रिचर्ड हॅमिल्टनने बीटल्सचं कव्हर जवळपास कोरं पांढरं ठेवलं. जॉय डिव्हिजनच्या 'अननोन प्लेझर्स'साठी (१९७९) पीटर सॅव्हिलने एका पल्सारच्या रेडिओ-स्पंदांचा आलेख काळ्यावर पांढरा घेतला. पुढच्या बाजूला ना संगीतकारांचं नाव, ना अल्बमचं. त्याच ओळीत चार्ली एक्ससीएक्सचं २०२४ मधलं 'ब्रॅट' ठेवलं जातं: भडक पोपटी चौकोन आणि त्यात धूसर, साधी अक्षरं. आधी त्याची टर उडवली गेली. मग लोकांनी त्या पोपटी चौकोनात आपापले शब्द घालून तो इतका फिरवला की त्या उन्हाळ्याची ओळखच तो रंग झाला. स्त्री गायिकेने कव्हरवर स्वतःचा चेहरा आणि देह दाखवलाच पाहिजे का, हा प्रश्नही त्यातून पुढे आला. कव्हर पाहायचं आणि ठेवून द्यायचं, त्याऐवजी ते वापरायचं, ही नवी रीत आहे. ती कमअस्सल मानायला माझ्याकडे कारण नाही.

तिसरा मुद्दा जागेचा. चित्रकाराची कल्पकता आता व्हिडिओत, रंगमंचाच्या मांडणीत, गाण्यासोबत फिरणाऱ्या काही सेकंदांच्या हलत्या चित्रात जाते. कोरियन पॉपचे अल्बम फोटोंच्या पुस्तकासकट पेटीत येतात. हेवी मेटलमध्ये चित्रकाराकडून कव्हर रंगवून घ्यायची पद्धत अजून टिकून आहे. म्हणजे 'आधुनिक संगीत' असं एकगठ्ठा बोलणंच चुकीचं ठरतं.

परत आलेली एलपी

एलपी परत आली आहे, हे आता सर्वांना माहीत आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये सुमारे ४ कोटी १० लाख एलपी विकल्या गेल्या आणि १९८७ नंतर पहिल्यांदा त्यांनी नगांच्या हिशेबात सीडीला मागे टाकलं. मुंबईत माहीमच्या रिव्हॉल्व्हर क्लबसारख्या जागी आज तरुण मुलं एलपी चाळताना दिसतात. तेव्हा मोठा चौरसही परत आला. कव्हरकलेसाठी याचा अर्थ काय, यावर एकमत नाही. खपणाऱ्या एलपींत जुन्यांच्या पुनर्मुद्रणांचा वाटा मोठा आहे, तिथे नव्या चित्रकाराला काम नाही. नव्या अल्बमच्या बाबतीत एकच संगीत चार-पाच कव्हरांत विकायची पद्धत रूढ झाली. टेलर स्विफ्टच्या 'मिडनाइट्स'च्या (२०२२) चार आवृत्त्यांच्या मागच्या बाजू जुळवल्या की घड्याळ होतं. कल्पना छान आहे, पण चारही विकत घ्याव्या लागतात. अमेरिकेत एलपी घेणाऱ्यांपैकी निम्म्यांकडेच ती वाजवायचं यंत्र आहे, असं ल्युमिनेट या संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत आढळलं. उरलेले निम्मे मग कव्हरसाठीच घेतात, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. आवडत्या कलावंताला हातभार, आठवण, संग्रह अशी इतरही कारणं असू शकतात.

यंत्राचं चित्र

वादाचं सर्वांत ताजं अंग हे. २०२४ मध्ये टीअर्स फॉर फिअर्सच्या 'साँग्ज फॉर अ नर्व्हस प्लॅनेट'चं कव्हर, सूर्यफुलांत उभा अंतराळवीर, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने केल्याचं समजल्यावर चाहत्यांनीच नापसंती व्यक्त केली. ते अनेक साधनांपैकी एक होतं, असा खुलासा संगीतकारांनी केला. एकट्याने घरी गाणं करणाऱ्याला हे साधन वरदान वाटतं. त्याच्याकडे चित्रकाराला द्यायला पैसे नसतात आणि ॲप तर चित्र मागतं. चित्रकाराचं म्हणणं असं की माझीच चित्रं न विचारता शिकून यंत्र माझं काम घेतंय. केवळ यंत्राने केलेल्या चित्राला कॉपीराइट मिळत नाही, अशी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाची भूमिका आहे. माणसाचा हात किती लागला म्हणजे तो पुरेसा, ही रेघ अजून पक्की व्हायची आहे.

याच काळात ग्रॅमीने 'सर्वोत्कृष्ट अल्बम कव्हर' हे पारितोषिक २०२६ च्या सोहळ्यापासून स्वतंत्रपणे देण्याचं जाहीर केलं. १९५९ च्या पहिल्या सोहळ्यात ते होतं आणि फ्रँक सिनात्राला मिळालं होतं. मधल्या काळात ते सगळ्या वेष्टणाच्या पारितोषिकात विरून गेलं होतं. संपूर्ण पेटीपासून केवळ चित्र वेगळं काढून त्याचा विचार करावा असं त्या क्षेत्राला वाटलं, एवढं यातून नक्की दिसतं.

काय राहिलं आहे

चित्राचा दर्जा घसरला का, हे मोजायची सर्वमान्य पट्टी कोणाकडे नाही. ती मिळेल असंही दिसत नाही. पुढच्या बाजूचा वाद त्यामुळे चालूच राहील, आणि चालू राहायला हरकत नाही, कारण तिथे जे गेलं त्याच्या जागी काही ना काही येतं आहे.

मागच्या बाजूचं तसं नाही. स्पॉटिफायने २०१८ मध्ये गाण्याचं श्रेय दाखवायला सुरुवात केली, पण त्याचे रकाने पॉप गाण्याच्या मापाने बेतलेले: कोणी गायलं, कोणी लिहिलं, निर्मिती कोणाची. ख्यालाची तासाभराची मैफल त्या रकान्यांत बसत नाही. रागाचं नाव शीर्षकात कोंबलेलं असतं, ते चुकलेलंही असू शकतं. तबलजीचं नाव असलं तर असलं. तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्याचं, जो पुढे स्वतः मोठा गायक झालेला असतो, त्याचं नाव जुन्या कव्हरच्या मागे सापडतं आणि ॲपवर सापडत नाही. टिपण तर गेलंच. जुनं ध्वनिमुद्रण ॲपवर चढवताना पुढचं चित्र कापून घेतात, मागची बाजू तशीच राहते.

ही माहिती आज आहे ती संग्राहकांच्या कपाटांत. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकातून जुन्या तबकड्यांच्या नोंदी केल्या, त्या हौशी लोकांनी पदरमोड करून केल्या. एलपींच्या आणि कॅसेटच्या मागच्या बाजूंचं पद्धतशीर स्कॅनिंग, कव्हर करणाऱ्या अनामिक चित्रकारांचा शोध, टिपणं लिहिणाऱ्यांची सूची, ही कामं अजून कोणा एका संस्थेने अंगावर घेतलेली नाहीत. हक्क कंपन्यांकडे, तबकड्या संग्राहकांकडे आणि ऐकणारे ॲपवर, अशी विभागणी झाली आहे. पुठ्ठा दमट हवेत पिवळा पडतो, त्याला बुरशी धरते, आणि टिपणं लिहिणाऱ्या पिढीतली माणसं आता फार थोडी उरली आहेत.